पेंद्या कोठून आला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीच्या मुलांना ‘आपल्या तालुक्याचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून आणायला मी सांगितले होते. आमच्या मुळशी तालुक्यातल्या मुलांना असा विषय शोधत हिंडावे लागत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर चालवलेल्या धरणाच्या कामावर मावळे जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे त्याच सत्याग्रहात ‘सेनापती’ झाले. तीन वर्षे लढा चालला. धरण व्हायचे ते झालेच, आणि बावन्न गावांच्या शिवारावर पाणी चढले. एवढे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. बहुतेकांनी तेच लिहून आणले होते, आणि निम्म्यांची तर वाक्येही एकच होती.

एका मुलीचा निबंध मात्र निराळा निघाला. तिने लिहिले होते, की पहिल्या दिवशी कामावर जमलेल्या लोकांत तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिने कपाळाला फडके बांधले होते. मुकादमाच्या हातातली ओळंब्याची दोरी तिने हिसकून घेतली आणि नदीत भिरकावली. शिपाई तिला धरायला धावले, पण ती कोणाच्या हाती लागली नाही. कारण तिला पाण्याखालून चालता येत असे.

दोरी नदीत पडेपर्यंत मी मोठ्या उत्सुकतेने वाचत आले होते. पाण्याखालून चालण्यापाशी हातातली तांबडी पेन्सिल थबकली. वही उलटी करून पाहिली, तर मागच्या पानांवर तीच मुलगी रंगीत खडूंनी काढलेली. डोळे वाटीएवढे, केस वाऱ्यावर, आणि कपाळावर फडक्याच्या जागी धातूची पट्टी. पट्टीवर पाण्याच्या तीन लाटा.

तिला बोलावून विचारले तेव्हा उलगडा झाला. जपानात मासाशी किशिमोतो नावाच्या चित्रकाराने १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे ‘नारुतो’ नावाची चित्रकथा लिहिली. तिच्यावरून हलत्या चित्रांची मालिका निघाली. अशा जपानी मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि आमची मुले त्या मोबाइलवर पाहतात. या कथेत लपलेली गावे आहेत. कोणी झाडीत लपलेले, कोणी वाळूत, कोणी धुक्यात, कोणी खडकांत. प्रत्येक गावची खूण निराळी, आणि ती खूण कपाळपट्टीवर कोरलेली असते. आमच्या या मुलीने त्या कथेत आपले एक गाव घातले होते : पाण्याखाली लपलेले गाव. आणि त्या गावची ही मुलगी. मूळ मालिकेत ती कोठेच नाही. आवडत्या कथेत आपण होऊन घातलेल्या अशा पात्राला मुले ‘ओसी’ म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळले.

“अगं, पण हे तू इतिहासाच्या वहीत का लिहिलंस?”

ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “बाई, पुस्तकात एकपण मुलगी नाही. मग मी कुठं उभं राहून बघायचं?”

तिच्या आजीचे माहेर धरणात गेलेल्या गावांपैकी. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुन्या देवळाचे चिरे उघडे पडतात, ते आजीने तिला काठावरून दाखवले होते. एवढे कळूनही मी निबंधावर तांबडी रेघ ओढली, शून्य गुण दिले आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावले.

वाचकांना मी निष्ठुर वाटेन, म्हणून माझ्या रागाचे कारण सांगून टाकते. मी मास्तरीण आहे तशी कादंबऱ्याही लिहिते. माझ्या एका ऐतिहासिक कादंबरीत मी एक म्हातारी सुईण घातली होती. ती सर्वस्वी माझी. किल्ल्यावरच्या एका प्रसंगी मला बाईमाणूस हवे होते, म्हणून मी ती जन्माला घातली. कादंबरी निघाल्यावर चार-पाच वर्षांनी एका गावच्या जत्रेची पत्रिका माझ्या हाती आली, तर तीत गावच्या थोर पुरुषांच्या यादीत ही सुईण! तिचे माहेर, तिचे सासर, सगळे माझ्याच पुस्तकातून उचललेले. पुढे एका वाचकाने पत्र लिहून तिची समाधी कोठे आहे अशी चौकशी केली. मी त्या पत्राला उत्तर दिले नाही. जत्रेच्या मंडळींनाही काही कळवले नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी मला थोडा अभिमानच वाटला होता. त्या मुलीच्या निबंधात मला माझाच अपराध दिसला, आणि आपल्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याला देणे सोपे असते.

रात्री आडवी झाले तरी डोळा लागेना. तिचा प्रश्न कानांत होता : कुठं उभं राहून बघायचं? आणि विचार करता करता, कसा कोण जाणे, मला पेंद्या आठवला.

लहानपणी जत्रेत पाहिलेल्या तमाशातला पेंद्या. गण संपला की गवळण सुरू होते. गवळणी दुधादह्याची मडकी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवून दाण मागतो, आणि त्याच्या बाजूला हा लंगडत येतो. पाय वाकडा, बोलणे बोबडे, अक्कल बेताची, आणि पोटात कायम भूक. कृष्णाला देवपणाची आठवण होऊ द्यायची नाही हे जणू त्याचे कामच. तो आला की मांडवात बसलेले आमचे आजोबा मांडी बदलून पुढे सरसावत. कृष्णासाठी ते हात जोडत. हसत मात्र पेंद्यासाठी.

आता हा पेंद्या कोठून आला? भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या सवंगड्यांची नावे आहेत : श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण, अंशू, विशाल, ऋषभ, तेजस्वी असे दहा-बाराजण. त्यांत पेंद्या नाही. मराठीत मात्र तो सगळीकडे आहे. संतांच्या काल्याच्या अभंगांत आहे. श्रीधरस्वामींनी शके १६२४ मध्ये, म्हणजे इ. स. १७०२ साली, पंढरपुरात ‘हरिविजय’ पुरा केला. त्यात हाच ‘पेंधा’ होऊन आला आहे. पोथीतून तो तमाशाच्या बोर्डावर गेला, की लोकांच्या तोंडून पोथीत शिरला, याचा निवाडा पंडितांनी करावा. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेली बाई. मला एवढेच दिसते, की संस्कृत पोथीत ज्याला जागा नव्हती असा एक लंगडा गुराखी मराठी माणसाने गोकुळात नेऊन बसवला, आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ त्याला तेथून कोणी उठवलेले नाही.

का बसवला असेल? श्रीदामा, सुबल ही नावे ऐकताच राजवाड्याची आठवण होते. आमच्या मावळातल्या गुराख्याला गोकुळात शिरायचे तर असल्या नावाने शिरता येईना. त्याच्या पायात काटा मोडलेला, त्याच्या शिदोरीत कालची भाकर. काल्याच्या वेळी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या, तर कालच्या भाकरीचाही कोणी धनी तिथे हवा. तो धनी म्हणजे पेंद्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून आमचा गुराखी देवाच्या पंगतीला बसला.

एकदा पेंद्याची ओळख पटली म्हणजे त्याची भावंडे जागोजाग दिसू लागतात. गवळणीतली मावशी घ्या. भागवतात ती असायचे कारण नाही. दाढीची खुंटे वाढलेला एक पुरुष उपरण्याचा पदर डोक्यावर घेतो आणि गवळणींची मावशी होतो. ही मावशी कृष्णाला भीत नाही. दाण कसले, कोणाच्या हुकमाने, पावती कोठे आहे, असे आडवेतिडवे प्रश्न ती विचारते. उभ्या जन्मात जकातीच्या नाक्यावर ज्यांना तोंड उघडता आले नाही, त्यांच्या वतीने मावशी देवाशी भांडते.

फार काय, खुद्द राधेची कथा पाहा. ज्या भागवतावर कृष्णभक्तीचा एवढा डोलारा उभा आहे, त्या ग्रंथात राधेचे नाव येत नाही. ते येते आपल्या महाराष्ट्री प्राकृतात. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, शेतातल्या, ओढ्यावरच्या, सासूसुनांच्या सातशे गाथांत, एका गाथेत कृष्ण राधेच्या चेहऱ्यावरची गाईंनी उडवलेली धूळ फुंकून काढतो आणि बाकीच्या गवळणींचा तोरा उतरतो. राधेच्या नावाच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक. पोथीने जिला नाव दिले नाही तिला गावातल्या माणसांनी आधीच देऊन ठेवले होते, आणि आज राधेवाचून कृष्णाचे नाव पुरे होत नाही.

पण सगळ्यांत जवळचे उदाहरण माझ्या घरात होते आणि मला ते दिसले नव्हते. माझी आजी पहाटे जात्यावर बसे तेव्हा मी तिच्या मांडीवर डोके टेकून पडलेली असे. वनवासातल्या सीतेच्या ओव्या ती म्हणायची. गरोदर सीता अरण्यात एकटी रडते आहे. तिचे रडणे ऐकून समजूत घालायला येतात कोण? ऋषी नव्हेत, देवही नव्हेत. बोरी आणि बाभळी या बायका होऊन येतात. वाल्मीकींच्या रामायणात या बायका नाहीत. त्या आहेत आमच्या बांधावर. अंगभर काटे, कोणी मुद्दाम न लावलेल्या, आणि सासुरवाशिणीचे रडणे रोज ऐकणाऱ्या. रामकथेत शिरायला जात्यावरच्या बायकांना दुसरी वाट नव्हती. महालात त्यांना कोण घेणार? म्हणून त्या अरण्यात काटेरी झाडे होऊन उभ्या राहिल्या आणि सीतेजवळ जाऊन बसल्या.

या ओव्या आज वाऱ्यावर गेलेल्या नाहीत. फ्रान्समधून येऊन पुण्यात राहिलेले गी प्वातव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या गावांपासून आरंभ करून त्या गोळा केल्या. पुढे काम महाराष्ट्रभर पसरले आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पीठगिरणी आल्यावर जाते थांबले, पण ओवी कागदावर आणि ध्वनिफितीवर राहिली. आपल्याच तालुक्यातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायकांनी रामायणात दोन पात्रे घातली, आणि जगाने ती टिपून ठेवली. मी मात्र त्याच तालुक्यातल्या मुलीची वही कपाटात कोंडून आले होते.

असे आपल्याकडेच होते असे नाही. जपानात हौशी चित्रकारांनी २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत एक बाजार भरवला. बत्तीस मंडळ्या आणि सुमारे सातशे माणसे जमली. आवडत्या कथा घेऊन त्यांत स्वतःची भर घालायची, घरी छापायची आणि विकायची, हा तिथला व्यवहार. ‘कोमिके’ नावाचा तो बाजार पुढे लाखो माणसांचा झाला. आणि देवाणघेवाण एकतर्फीही नाही. युगो साको या जपानी गृहस्थाला रामकथेने असे झपाटले, की राम मोहन या आपल्या चित्रपटकाराला बरोबर घेऊन त्याने रामायणावर हलत्या चित्रांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तो तयार झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. तोक्योचा माणूस अयोध्येत शिरतो, तर उरवड्याच्या मुलीने जपानी गावात का शिरू नये?

अमेरिकेत मात्र या हौसेची थट्टाही झाली, आणि ती शिकण्याजोगी आहे. तेथे ‘स्टार ट्रेक’ नावाच्या अंतराळातल्या मालिकेचे वाचकप्रेक्षक आपापली पात्रे घालून गोष्टी लिहीत. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी एक छोटी विनोदी गोष्ट लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय साडेपंधरा, साऱ्या ताफ्यात सर्वांत लहान. ती सर्वांहून हुशार, सर्वांहून देखणी, आणि ती मेली तेव्हा सारे जहाज रडले. नवशिका लेखक कथेत शिरतो तो बहुधा अशा थाटात शिरतो. मूळच्या माणसांना कोपऱ्यात लोटून मधल्या पाटावर बसतो. तेव्हापासून असल्या पात्राला तिकडे मेरी स्यूच म्हणतात.

हे वाचले तेव्हा आपल्या अडाणी पूर्वजांचे मला फार कौतुक वाटले. त्यांनी गोकुळात आपला माणूस पाठवला तो लंगडा. मावशी पाठवली ती म्हातारी, दाढीची खुंटे असलेली. सीतेकडे मैत्रिणी पाठवल्या त्या काटेरी. कोणाच्याही डोक्यावर मुकुट ठेवला नाही. नाहीतर पेंद्याने एकदा तरी गोवर्धन उचलला असता! त्यांना गोष्टीत नुसती जागा हवी होती, सिंहासन नको होते. म्हणूनच ही पात्रे आली ती टिकली. आमच्या मुलीची पाण्याखालून चालणारी शूर पोर या कसोटीला अजून उतरत नाही; पण ती तेराच वर्षांची आहे, आणि तिचा लेखक चौदांचा.

आता माझ्या सुईणीचा प्रश्न उरतोच. पेंद्याला जागा दिली तर सुईणीने काय घोडे मारले?

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’चा दाखला घेते. १९५९ साली ही कादंबरी निघाली. १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ तिला मिळाले. तीत राजवाड्यातल्या दासीची मुलगी अलका आहे, सोनेरी केसांची. महाभारतात ती नाही. महाभारतातल्या ययातीच्या कथेत राजे, ऋषी, राजकन्या आहेत. त्या सगळ्यांच्या सुखाची किंमत जिने मोजली अशी गरीब मुलगी खांडेकरांना तेथे दिसली नाही, म्हणून त्यांनी ती घातली. पण महाभारताच्या नव्या प्रतीत कोणी अलकेचा श्लोक घुसडलेला नाही. वाचकाला ठाऊक आहे, की ही अलका खांडेकरांची. पेंद्याचेही तसेच. तो बोर्डावर येतो तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या कोणालाही तो पुराव्यानिशी सिद्ध करावासा वाटत नाही. त्याच्या नावाने कोणाची जमीन जात नाही, कोणाचा मान हिरावला जात नाही.

इतिहासाची गोष्ट वेगळी. तेथे एक खोटा माणूस उभा केला की एका खऱ्या माणसाची जागा अडते. त्या जत्रेच्या गावात खरोखरच्या सुईणी होऊन गेल्या असतील. त्यांनी अंधारात, पावसात, डोंगर चढून बाळंतपणे केली असतील. यादीत एका सुईणीला जागा होती आणि ती माझ्या कागदी सुईणीने बळकावली. आता तेथे कोणी खरीला शोधायला जाणार नाही. आणि मुळशीच्या सत्याग्रहात तर बायकामुलेही कामावर जाऊन बसली होती. खऱ्या मुली होत्या. त्यांची नावे कोणी विचारली नाहीत, एवढेच. आमच्या मुलीच्या मनात जी उणीव सलत होती ती खरी होती. तिने ती चुकीच्या वहीत भरून काढली होती.

दुसऱ्या दिवशी वही परत केली. मनात होते ते तिला सरळ सांगितले, माझ्या सुईणीसकट. ती तोंडावर हात ठेवून हसली. मग मी म्हटले, “गोष्टीची वही वेगळी कर आणि इतिहासाची वेगळी. गोष्टीच्या वहीत तुझ्या पोरीला पाण्याखालून चालू दे, हवं तर उडू दे. इतिहासाच्या वहीसाठी मात्र आजीला विचार. तिच्या आईच्या वेळी त्या घरात मुली किती होत्या, गाव उठलं तेव्हा कोण कुठं गेलं, जाताना काय उचललं.”

आठ दिवसांनी तिने दीड पान आणून दिले. त्यात दोरी नाही, शिपाई नाहीत. पाणी चढायच्या आधी आजीच्या आईने जाते उचलून डोक्यावर घेतले होते. वरचा दगड तिने नेला आणि खालचा दुसऱ्या खेपेला न्यायचा म्हणून ठेवला, तो राहिला तो राहिलाच. तेव्हा तिचे वय बारा-तेरा असावे, असे आजीला वाटते. एवढेच. तीस निबंधांत नसलेले काहीतरी त्या दीड पानात होते. मी शून्य खोडले आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

गोष्टीची वहीही तिने दाखवली. पट्टीवरच्या लाटा तशाच आहेत, पण आता त्या पोरीच्या पाठीला जात्याचा वरचा दगड बांधलेला आहे. त्यामुळे तिला पाण्याखालून भराभर चालता येत नाही. ती मागे राहते आणि बाकीच्यांना तिच्यासाठी थांबावे लागते. मला पेंद्या आठवला. तिला मी काही बोलले नाही.

वहीच्या पहिल्या पानावर तिने बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘ही मुलगी मी केलेली आहे. ती खरोखर झालेली नाही.’ त्या जत्रेच्या मंडळींना मी आता पत्र लिहिले आहे. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर सुईणीच्या नावापुढे हीच दोन वाक्ये छापायला द्यायची आहेत.